चांगुणाबाईंच्या गळ्यातली सवत

आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांचा गळा मोकळा होता. मुखेडकडून आलेल्या बायका त्यांना अंघोळ घालताना एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, "सरू, म्हातारीची गळ्यातली कुठं हाय गं?" मी म्हटलं, "पाणी घाला." म्हातारी गेल्याचं राहिलं बाजूला, यांना काळजी त्या चांदीच्या टाकाची. अशा वेळी मला गोड बोलता येत नाही. कधीच आलं नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चांगुणाबाई. माझे मालक साहेबराव, त्यांची ही सावत्र आई. सख्खी आई भामाबाई, ती साहेबराव रांगत होते तेव्हाच तापानं गेली. वर्ष सरायच्या आत माझ्या सासऱ्यांनी, लिंबाजीमामांनी, दुसरं लग्न केलं. आत्याबाईंचं माहेर चाकूरकडचं. बाप सालगडी, घरात पोरीच पोरी, त्यामुळे नवरा बिजवर आहे म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. परकर-पोलक्यातली पोर मुखेडजवळच्या आमच्या गावात नांदायला आली आणि लग्नातच तिच्या गळ्यात सवत पडली.

ही गळ्यातली सवत काय असते ते आजच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. मेलेली पहिली बायको घर सोडत नाही, दुसरीचा दुस्वास करते, तिची लेकरं खाते, असं लोक मानत. म्हणून तिचा चेहरा चांदीच्या पत्र्यावर ठोकून घ्यायचा, त्याला कडी लावायची आणि तो टाक नव्या बायकोनं मंगळसूत्राशेजारी जन्मभर वागवायचा. जेवायला बसलं की पहिला घास तिला टेकवायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला हळदकुंकू आधी तिला. ज्याची बायको मेली त्या बाप्याच्या गळ्यात मात्र काही नाही. तो हिंडायला मोकळा.

आमच्या घरात हे सगळं पारूबाईच्या हुकमानं झालं. पारूबाई म्हणजे मामांची आई. मेलेल्या सुनेच्या पायांतले चांदीचे वाळे तिनं जपून ठेवले होते. ते मोडून त्याच चांदीचा टाक घडवून आण म्हणून तिनं लेकाला मुखेडला माणिकप्पा सोनाराकडं पाठवलं. मामा टाक घेऊन आले. चांगला जाड, रुपयापेक्षा मोठा, मागच्या बाजूला तांब्याचा पत्रा बसवलेला, कडेनं चांदीची पट्टी वळवलेली. त्यावर एका अंगानं दिसणारा चेहरा होता. मोठं नाक, मागं फितीनं बांधलेले केस, डोक्याभोवती पानांची वेणी. पट्टीखालून काही झिजलेली अक्षरं अर्धीमुर्धी दिसत.

पारूबाईच्या डोळ्यांत तेव्हाच फूल पडलेलं. तिनं बोटानं नाक चाचपलं आणि हंबरडा फोडला, "भामाचंच नाक की गं बाई!" मग सगळ्या वस्तीनं तेच म्हटलं. कोणाला हनुवटी पटली, कोणाला वेणी. नव्याकोऱ्या टाकावर झिजलेली अक्षरं कशी आली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अक्षरं कसली म्हणून कोणी विचारलंच तर मामा सांगत, "तिचं नाव हाय." वस्तीत वाचता येणारे ते एकटेच होते, तेव्हा विषय तिथंच संपायचा.

साहेबराव त्या टाकाकडं बघत मोठे झाले. त्यांच्या आईचा फोटो नव्हता, त्या काळी आमच्यात कोणाचा असणार? आत्याबाईंनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, त्यांच्यासाठी रात्री जागल्या, शाळेत पाठवलं. पण ते त्यांना मावशी म्हणत. माय मावशीच्या गळ्यात होती. ताप आला की पोरगं मावशीच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि मुठीत टाक धरून झोपायचं. परीक्षेला निघताना पोरगं पाया पडायचं, तेही आधी टाकाच्या. मला हे आत्याबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं. मी तेव्हा नवीन होते म्हणून गप्प बसले.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली आणि मागोमाग आमच्या वस्तीनंही धम्म घेतला. त्यात लिंबाजीमामा सगळ्यात पुढं. त्यांच्याकडं एक काळा कोट होता, दुसऱ्या लग्नात शिवलेला. तो घालून ते पारावर नाही, वस्तीच्या मधोमध बाजेवर उभं राहून बोलायचे, आणि लोक ऐकायचे. त्यांनी घरोघर जाऊन देव गोळा केले. मरीआई, खंडोबा, पितळेचे, तांब्याचे, शेंदराचे दगड, सगळे टोपल्यात घातले आणि मन्याड नदीच्या डोहात बुडवायला काढले. ते काम मोठं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या बापानं माझ्या माहेरी, मुदखेडला, तेच केलं आणि म्हणून मी शाळेत गेले.

टोपलं आमच्या दारात आलं तेव्हा आत्याबाईंनीही गळ्यातला टाक काढला आणि हातात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, सुटले. पारूबाईनं ते बघितलं आणि ती मधे आडवी झाली.

"ती काय देव हाय का बुडवायला? माणूस हाय घरचं! माझ्या नातवाची माय हाय!"

सगळे मामांकडं बघायला लागले. मामांनी कोटाची बटणं चाचपली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मायच्या जिवाला बरं."

देवांचं टोपलं डोहात गेलं. टाक परत आत्याबाईंच्या गळ्यात गेला. खंडोबा जाऊ शकतो आणि सवत जाऊ शकत नाही, हा कुठला न्याय, असं मी मामांना पुढं एकदा तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "बायकांचं मन असतंय ते." कोणत्या बाईचं, ते सांगितलं नाही.

आत्याबाईंची पहिली दोन लेकरं नाव ठेवायच्या आत गेली. खायला नाही, बाळंतपण दाराआड, सुईण म्हातारी, त्यात नवल काय? पण घरात एकच बोललं गेलं, सवत खाऊन राहिली. मग आत्याबाईंनी सवतीची आणखी सेवा केली. भाकरीचा घास पुरेना म्हणून गूळ लावला. आणि तिसरी पोरगी जगली. मामांनी हौसेनं तिचं नाव सुजाता ठेवलं. आमच्या वस्तीत असलं नाव तेव्हा पहिलंच. पारूबाईला ते म्हणता यायचं नाही, ती सुजी म्हणायची. मामा दर वेळी चिडून दुरुस्त करायचे. पोरगी नाकीडोळी नीटस होती, गाणी म्हणायची, आणि आत्याबाईंना माय म्हणणारं जगात ते एकच माणूस होतं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा सुजाता तिसरी-चौथीत होती. त्या दुष्काळाचं मी वेगळं काय सांगू? विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात मातीमोल, आणि सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला. मामा तिथं मुकादम होते, आत्याबाई खडी फोडायच्या. कामावर सुकडी, गूळ-पिठाचा सरकारी खाऊ, मिळायची. ती पदरात बांधून घरी आणायच्या, आणि त्यातलीही पहिली चिमूट सवतीला टेकवायच्या.

त्यातच सुजाताला ताप भरला. उतरेना. मुखेडच्या डॉक्टरनं सांगितलं, नांदेडला न्या, इथं ठेवू नका. मामा म्हणाले, "उतरतो ताप. सगळ्या गावाला हाय." कामावरचे हजेरीचे पैसे तटले होते, घरात काही विकण्यासारखं उरलं नव्हतं. भांडीसुद्धा गेलेली. चांदी एवढी एकच होती, आत्याबाईंच्या गळ्यात.

त्या दिवशी बाजार होता. आत्याबाईंनी टाक काढला, कपाळाला लावला आणि भामाबाईंशी बोलल्या. हे बोलणं त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. "भामाबाई, तुमचं लेकरू म्या वाढिवलं. आता माझं तुमी सांभाळा. पाऊस पडला की तुमाला पुन्यांदा घडवून घीन, ह्याच्याहून मोठी." मग पोरीला पारूबाईजवळ ठेवून त्या मुखेडला चालत निघाल्या. माणिकप्पाच्या दुकानाला लागायच्या आधी मोटारीचा अड्डा लागतो. तिथं मामांनी त्यांना गाठलं. पारूबाईनं कामावर सांगावा धाडला होता आणि मामा कोणाच्या तरी सायकलीवर बसून आले होते.

"कुठं निघालीस? गळ्यातली कुठं हाय?"

आत्याबाईंनी पदराची गाठ दाखवली.

"घाल आधी! तिला मोडून पोरगी वाचंल व्हय? उलट तीच खाईल पोरीला. घाल म्हणतो ना!"

बाजेवर उभं राहून देव बुडवणारा माणूस भर अड्ड्यावर असं बोलला. आत्याबाईंनी त्यांना कधी सवतीला मानताना बघितलं नव्हतं. ज्या अर्थी हेसुद्धा घाबरलेत त्या अर्थी ते खरंच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिथंच गळ्यात टाक घातला आणि मागं फिरल्या.

सुजाता त्याच आठवड्यात गेली. पारूबाई मयताजवळ बसून सगळ्यांना ऐकवत होती, "चांगुणानं गळ्यातली काढली, म्हणून तिनं पोरगी नेली." मामा अंगणात बसून होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्यानंतर आत्याबाईंच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. मी काढली म्हणून नेली का? दुसरं काही त्या कोणाला विचारत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हा ज्वारी निवडताना, भाकरी थापताना, हेच. "सरू, तू शिकलेली हाईस. वाटंनं पदरात बांधली तेवढीच. तेवढ्यानं एवढा राग येतो का गं मेलेल्या माणसाला?" मी त्यांना समजावून सांगायचे. विषमज्वर काय असतो, पाणी कसं खराब होतं, मेलेलं माणूस काही करत नाही. त्या मन लावून ऐकायच्या, "व्हय, खरं हाय" म्हणायच्या, आणि जेवायला बसल्या की पहिला घास टाकाला लावायच्या. मी चिडायचे. एकदा तर मी ताटावरून उठले. त्यांनी माझी समजूत काढली आणि माझ्या वाटची माफीही टाकाकडं मागितली.

एक सांगितलं पाहिजे. त्या तिला नुसत्या भीत नव्हत्या. एकट्या असल्या की तिच्याशी गप्पा मारत. सायबूला नोकरी लागली भामाबाई. सून शाळंत शिकवती भामाबाई. मामा काही टाकून बोलले तर, "बघा, तुमचा नवरा." एवढ्या वर्षांत त्यांना दुसरी मैत्रीण झाली नाही. जिनं आपली पोर नेली असं त्या मानत, तिच्याशीच त्या बोलत. मला ते बघवत नसे.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. साहेबरावांची बदली नव्या कचेरीत झाली. पारूबाई तोवर गेली होती, मामांची छाती खराब झाली होती, म्हणून आम्ही दोघा म्हाताऱ्यांना घेऊन लातूरला आलो. सगळं नवं. पाट्यांचा रंग ओला, कचेऱ्या भाड्याच्या घरांत, साहेब लोकांना बसायला खुर्च्या नाहीत. मला तिथल्याच एका शाळेत जागा मिळाली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खिळ्यावर मामांचा काळा कोट टांगला. तो आता त्यांना ढगळ होत होता, पण त्यांनी टाकू दिला नाही.

जिल्हा नवा असला तरी पाण्याची टंचाई जुनीच होती. नळाला धार यायची तेव्हा सगळी गल्ली तुटून पडायची. अशाच गर्दीत कोणाच्या तरी कळशीचा काठ आत्याबाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकला. हिसका बसला, कडी तुटली आणि टाक खाली फरशीवर आपटला. मागचा तांब्याचा पत्रा सुटून उडाला. आतली लाख भुगा होऊन सांडली.

आत्याबाईंचं तोंड पांढरं पडलं. "सायबू कुठं हाय? कचेरीत पोचला का बघ. सरू, बघ गं आधी!" त्यांना वाटलं, आता याची पाळी. मी त्यांना धरून घरात आणलं, पाणी पाजलं आणि टाक उचलून बघितला.

मागं दोन खांब होते. खांबांना फिती गुंडाळलेल्या, मधे ढालीसारखं काही, वर मुकुट. निजामाचे हाली रुपये मी माहेरी बायकांच्या माळेत बघितलेले, त्यावर चारमिनार असतो. मला वाटलं हा तसलाच, पण मिनार दोनच. बाकीचे दोन निजामानं काटकसर करून गाळले की काय, असं मनात आलं आणि मला हसू आलं. टाकाच्या मागं हे कशाला असेल? पट्टीही सैल झाली होती. ती सरकवली तर खालून इंग्रजी अक्षरं निघाली आणि आकडे.

मी ते तसंच रुमालात बांधून शाळेत नेलं. आमच्या शाळेत रेणुकादास सर इतिहास शिकवत. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. त्यांनी भिंग लावून दोन्ही बाजू बघितल्या.

"हे तुमच्याकडं कुठून आलं? हा स्पेनच्या राजाचा चांदीचा डॉलर आहे. दोनशे वर्षांचा तरी असेल. समुद्रापलीकडं, मेक्सिकोत पाडलेला. व्यापारात अशी पुष्कळ नाणी इकडं यायची. बरीचशी वितळवून इथले रुपये पाडले, थोडी सोनारांच्या पेट्यांत राहिली. त्याला कड्या लावून लोक गळ्यात घालतात."

"आणि ही बाई?"

"बाई कुठली? राजा आहे तो. कार्लोस. तेव्हा तिकडं पुरुषही केस वाढवून फीत बांधत."

मी मोठ्यानं हसले. मग माझं हसू थांबलं, कारण मला सुकडीची ती पहिली चिमूट आठवली. पोरीच्या तोंडची काढून ती कोणाला दिली गेली, ते आता कळत होतं.

संध्याकाळी सगळे घरात असताना मी ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ठेवायला हवा होता असं काही जण म्हणतील, त्यांनी त्या बाईच्या गळ्याकडं एकदा बघायला हवं होतं.

साहेबरावांनी नाणं हातात घेतलं. अक्षरं एकेक करून वाचली. कचेरीत दिवसभर इंग्रजी कागद हाताळणारा माणूस. "आठवीत असताना मी बाबांना विचारलं होतं," ते म्हणाले, "म्हटलं, ह्यात भ कुठं हाय? बाबा म्हणाले सोनाराचं चुकलं असंल." मग त्यांनी नाणं खाली ठेवलं आणि माझ्यावरच ओरडले, "तुला कुणी सांगितलं होतं विचारायला?" त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी उलट बोलले नाही. एका मिनिटात माझ्यामुळे त्यांची आई दुसऱ्यांदा गेली होती.

आत्याबाईंना समजायला वेळ लागला.

"राजा? म्हंजी बाप्या?"

"होय."

"पाक इलायतेतला?"

"होय आत्याबाई."

त्यांनी नाणं उचलून उलटसुलट करून बघितलं. मग विचारलं, "मंग भामाबाई कुठं हाईत?"

उत्तर ज्यांच्याकडं होतं ते बाजेवर बसून खोकत होते. खोकला आवरल्यावर मामा हसले. खरंच हसले. त्यांना बहुतेक वाटलं, जुनी गोष्ट आहे, आता सगळे मिळून हसू.

"आता काय लपवायचं. माणिकप्पाकडं पडलं व्हतं ते नाणं. म्हणाला, वाळे मला दे, हे मी कडी लावून, मागं पत्रा मारून टाकासारखं करून देतो, वर पैसे घे. मायला काय दिसत व्हतं? त्या पैशात कोट शिवला. लग्नाला उघड्या अंगानं उभं ऱ्हाऊ काय? लोकं हसली असती."

आम्ही तिघांनीही खिळ्यावरच्या कोटाकडं बघितलं. साहेबरावांच्या आईच्या पायांतले वाळे तिथं टांगलेले होते.

आत्याबाई हळू बोलत होत्या, निवडताना खडा बाजूला काढावा तसं एकेक. "म्हंजी मोटारीच्या अड्ड्यावर तुमी मला अडिवलं, तवा तुमाला ठाव व्हतं. ही भामाबाई न्हाई म्हणून."

मामांचं हसू गेलं. "तू माणिकप्पाकडं गेली असतीस तर तो बोलला असता. भर बाजारात. मी मुकादम माणूस, चार लोकांत उठबस, दीक्षेला सगळ्यांच्या म्होरं मी. काय तोंड ऱ्हायलं असतं?"

"पोरगी तापानं फणफणली व्हती."

"मला वाटलं उतरंल ताप. मरंल असं कुणाला वाटलं व्हतं?"

"आन मेली तवा? तुमची माय बोलली, तिनं नेली, तवा?"

मामा कोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू एवढं मनावर घेशील असं वाटलं न्हाई."

मला त्या म्हाताऱ्याला बाजेवरून ओढून काढावंसं वाटलं. हे मी लपवत नाही. देव खोटे आहेत हे ज्याला सगळ्यांच्या आधी कळलं, त्यानं एक खोटी बाई बायकोच्या गळ्यात राहू दिली, आणि कोटाची लाज झाकायला पोरगी हातची घालवली. आणि नंतर दहा वर्षं ती बाई आपलंच चुकलं म्हणून एका परक्या राजाच्या पाया पडत असताना हा माणूस समोर बसून भाकरी खात होता.

आत्याबाई मात्र रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्या रात्री जेवल्या नाहीत, एवढंच. नाणं कोनाड्यात पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळी त्यांनी माझ्याकडून काळा दोरा मागून घेतला. तुटलेली कडी तारेनं बांधली, दोरा ओवला. मला वाटलं, परत घालतायत. माझं डोकंच फिरलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी भाकरी थापायला बसले.

दुपारी त्यांनी मामांना ताट वाढलं. भाकरी, वरण, कांदा. मामांनी हात पुढं केला तेवढ्यात आत्याबाईंनी तो दोरा त्यांच्या गळ्यात घातला. एवढ्या सहज, की मामांना कळायच्या आत नाणं त्यांच्या छातीवर आलं होतं.

"हे काय?"

"आता तुमी घाला. बायकू तुमची."

"येडी झालीस काय? राजा हाय तो."

"राजाला मी जन्मभर जेवू घातलं. भामाबाई तशाच उपाशी ऱ्हाईल्या. त्यांचे वाळे तुमी घेतले, त्यांना घास तरी द्या. टेकवा. आन नाव घ्या, म्हंजी त्यांना कळंल कुणाचा हाय."

मामांनी साहेबरावांकडं बघितलं. साहेबराव ताटात बघून जेवत होते. वर बघितलं नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी वरणाचं भांडं घेऊन उभी होते आणि हलायचा माझा विचार नव्हता.

त्यांनी तुकडा मोडला. घास नाण्याला टेकवला आणि पुटपुटले, "भामा."

साहेबरावांचा हात थांबला. आईचं नाव बापाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता दुसरा," आत्याबाई म्हणाल्या.

"दुसरा कुणाचा?"

"सुजाताचा."

मामांनी दुसरा तुकडा मोडला. तो हातात धरून ते बसले. ते नाव त्यांनी स्वतः निवडलेलं, वस्तीत सगळ्यांना म्हणायला शिकवलेलं, पारूबाईला शंभरदा दुरुस्त करून सांगितलेलं. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज निघाला नाही. परत प्रयत्न केला. मग त्यांनी घास ताटात ठेवला, ताटातच हात धुतला आणि भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडले. गळ्यातला दोरा काढायला त्यांनी हात लावला नाही. पुढंही कधी लावला नाही. ते गेल्यावर साहेबरावांनीच काढला. आता ते नाणं आमच्या कपाटात आहे. मालकांना ते टाकवत नाही.

आत्याबाईंनी आपलं ताट ओढून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. सवयीनं त्यांचा हात गळ्यापाशी गेला आणि तिथं थांबला. तिथं काही नव्हतं. मी बघत होते. त्यांनी घास तसाच तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग दुसरा, मग तिसरा. त्या कोणाकडंही न बघता, ताट चाटूनपुसून जेवल्या.

मग ताट पुढं करून म्हणाल्या, "सरू, अर्धी दे गं अजून."